देवरूपाचा शोध : ‘ख्रिस्तपुराण’, ‘यात्रिकक्रमण’ आणि ख्रिस्ती अद्भुतकथा

ख्रिस्ती श्रद्धेतून निर्माण झालेल्या अद्भुतकथांची समीक्षा बहुधा एका ओळखपरेडीने सुरू होते. कथेतील देव कोणता, ख्रिस्त कोणता, सैतान कोणता, मरून उठणारे पात्र कोणते, भाकरी आणि द्राक्षारस कोठे आले, हे शोधून काढावयाचे आणि त्यांची जोडी शास्त्रवचनांशी लावून द्यावयाची, अशी ही पद्धत आहे. तिचा उपयोग नाही असे नाही. परंतु जोडी लागताच कथा निरुपयोगी ठरते, ही तिची मोठी अडचण आहे. अस्लान म्हणजे ख्रिस्त एवढे कळल्यावर सिंहाची आयाळ, त्याचा उष्ण श्वास, त्याची भीती या गोष्टी केवळ वेष्टन उरतात. भारतीय भाषांतील वाचकाच्या संदर्भात याहून गंभीर अडचण अशी की, त्याच्या मनात सिंहरूप देवाची जागा आधीच भरलेली असते. तो जी ओळख पटवतो ती लेखकाला अभिप्रेत असलेलीच असेल असे नाही. आणि ती चुकीचीच असेल असेही नाही.

स्वतः लेखकांनी या पद्धतीला विरोध केलेला आहे. सी. एस. लुइस यांनी ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०) हे रूपक नसल्याचे पुढे पत्रातून स्पष्ट केले. त्यांची भूमिका मराठीतील ‘समजा’ या एका शब्दात चपखल बसते : समजा, नार्नियासारखे एक जग असते आणि त्यालाही तारणाची गरज पडली असती, तर तेथे देवपुत्राने कोणते रूप घेतले असते? रूपकात अमूर्त कल्पनेला देह दिला जातो. ‘समजा’कथेत मूळ व्यक्ती तीच राहते, तिच्याभोवतीचे जग बदलते. जे. आर. आर. टोल्किन यांनी तर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या (१९५४–५५) दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत रूपकाविषयीची आपली नावड उघडपणे नोंदवली. मात्र त्याच कादंबरीविषयी १९५३ मध्ये एका जेझुइट मित्राला लिहिताना त्यांनी ती मूलतः धार्मिक आणि कॅथॉलिक कृती असल्याचे म्हटले होते. या दोन विधानांत वरवर दिसणारा विरोध हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे. धार्मिकता कृतीत आहे, पण ती देवरूपात नाही, अशी स्थिती संभवत असेल तर शोध नेमका कशाचा घ्यावयाचा?

या प्रश्नाला मराठीत एक जुनी बाजू आहे आणि तिचा अलीकडचा धागा बेंगळुरूशी जुळतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण झाले. त्यानंतर दीर्घकाळ हा ग्रंथ हस्तलिखितांतून आणि पठणातून टिकला. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कॅथॉलिक कुटुंबांनी तो कानडा प्रांतात नेला, आणि १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी सिद्ध केलेली आवृत्ती मंगळूरहूनच निघाली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाली. पुढे नेल्सन फाल्काव यांनी सिद्ध केलेल्या मराठी (२००९) आणि इंग्रजी (२०१२) आवृत्त्या बेंगळुरूच्या क्रिस्तु ज्योती प्रकाशनाने काढल्या. मराठीतील पहिले ख्रिस्ती महाकाव्य अशा रीतीने दोनदा कर्नाटकातून वाचकांपुढे आले. महाराष्ट्रातील विद्यापीठीय अभ्यासक्रमांत या ग्रंथाला भाषेवरील स्तुतीच्या चार ओव्यांपलीकडे क्वचितच जागा मिळाली, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

‘ख्रिस्तपुराण’ ही अद्भुतकथा नव्हे. स्टीफन्सच्या दृष्टीने त्यातील प्रत्येक घटना ऐतिहासिक आणि तारणास आवश्यक आहे. तरीही तुलनेच्या दृष्टीने तो अत्यंत उपयुक्त ठरतो. कारण लुइसने जे केले त्याच्या नेमके उलट स्टीफन्सने केले आहे. लुइसचा वाचक ख्रिस्तकथा इतक्या वेळा ऐकून बसला होता की तिचा धक्काच नाहीसा झाला होता. रविवारच्या शाळेतील सक्तीची भक्तिभावना दारावर पहाऱ्यास बसलेली असताना परीकथेच्या वाटेने तिला चुकवून आत शिरता येईल, असा विचार लुइसने १९५६ च्या एका निबंधात मांडला. म्हणून त्याने ओळखीची कथा अनोळखी केली आणि नाव झाकले. स्टीफन्सचा श्रोता ही कथा प्रथमच ऐकत होता. त्याला अनोळखी कथा ओळखीची करावयाची होती. म्हणून त्याने नाव उघड ठेवले आणि घर बदलले : ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, नमनाची परिपाटी घेतली, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ घेतले. पहिल्या पुराणात जुना करार आणि दुसऱ्यात नवा करार, अशी एकूण १०,९६२ ओव्यांची ही रचना आहे. जुनी पुराणे हातची गेली, तेव्हा त्यांच्या जागी काहीतरी हवे, अशी एका ब्राह्मण श्रोत्याची मागणी ग्रंथाच्या आरंभीच येते. देवाचे रूप शोधण्यापूर्वी देवाच्या कथेला लागणारा साचा शोधावा लागतो, ही जाण येथे कवीला आहे.

या ‘वैकुंठा’चे काय करावयाचे, यावर अभ्यासकांत दोन टोके दिसतात. एका मते ते दोन धर्मांच्या सलोख्याचे चिन्ह आहे. दुसऱ्या मते केवळ डावपेच. दोन्ही मते ओळखपरेडीच्याच पद्धतीची आहेत, कारण दोहोंत शब्दाचा अर्थ बाहेर आधीच ठरलेला आहे. सलोख्याचे मत तर इतिहासापुढे टिकत नाही. सासष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, १५८३ मध्ये कुंकळ्ळीला जेझुइटांची हत्या झाली होती, आणि स्टीफन्स १५७९ पासून गोव्यात होता. मूर्तिपूजेविरुद्धचा कठोर स्वर त्याच्या काव्यात जागोजागी आहे. तथापि शब्द कवीच्या हेतूशी इमान राखून थांबत नाही. ‘वैकुंठ’ म्हटले की त्याबरोबर दारपाळ येतात, पायऱ्या येतात, तेथून भक्तासाठी धावत येणाऱ्याची चाल येते. छापील ग्रंथात पवित्र आत्मा, बाप्तिस्मा यांसाठी पोर्तुगीज-लॅटिन शब्द राखलेले आहेत. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात त्यांपैकी अनेकांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आले आहेत. म्हणजे जेथे सिद्धान्त निसटण्याची भीती तेथे परका शब्द, आणि जेथे कल्पनाशक्तीला चालना द्यावयाची तेथे घरचा, अशी छापील पाठातील विभागणी दिसते. दुसऱ्या पाठाने ती पुसली. चिन्हाची सीमा कोठे आखावयाची याविषयी एकाच ग्रंथाच्या दोन पाठांत असा मतभेद असणे, ही तौलनिक अभ्यासाला मोठी देणगी आहे.

स्टीफन्सनंतर सव्वादोनशे वर्षांनी मराठीत वेगळ्या प्रकारची ख्रिस्ती कल्पनाकथा आली. जॉन बन्यनच्या ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’चा (१६७८, दुसरा भाग १६८४) हरि केशवजी यांनी केलेला अनुवाद ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. कन्नडमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे पुस्तक ‘यात्रिकन संचार’ म्हणून उतरले. दोन्ही भाषांनी ‘यात्रिक’ हाच शब्द निवडला. बन्यनचे पुस्तक उघड रूपक आहे, त्यामुळे देवरूपाचा शोध येथे सर्वांत सोपा असावा असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. गावाचे, डोंगराचे, किल्ल्याचे, प्रवाशाचे नाव अर्थ सांगून टाकते. नगरीचा राजा मात्र कोठेही समोर येत नाही. क्रुसाजवळ यात्रिकाच्या पाठीवरचे ओझे गळून पडते, त्या क्षणी वर्णन आहे ते क्रुसाचे आणि खालच्या थडग्याचे. टांगलेला देह आपण पाहिला, तोही जणू मनातल्या मनात, असे तो पुढे दुसऱ्या घरी सांगतो. अरुंद दरवाजा उघडणारा द्वारपाल पहिल्या भागात केवळ सद्भावनेचे नाव धारण करणारा सेवक वाटतो. तो स्वतः प्रभूच होता हे दुसऱ्या भागात, ख्रिस्तीणबाई त्याच दारी पोहोचल्यावर उलगडते. सर्वाधिक उघड रूपककाराने देवाला असे झाकून ठेवले, यामागे प्रतिमेविषयीचा प्युरिटन संकोच आहे.

मराठी शब्दाने या संकोचावर काय परिणाम केला असेल, हा प्रश्न रंजक आहे. मराठी कानाला ‘यात्रा’ म्हणताच पंढरीची वाट दिसते. वारकरी जातो, कळस पाहतो, दर्शन घेतो आणि परत घरी येतो. पुढच्या आषाढीला पुन्हा निघतो. बन्यनचा यात्रिक बायकामुलांना सोडून, कानांत बोटे घालून पळत सुटतो आणि परत येत नाही. वारीच्या शेवटी विटेवर उभे असलेले, डोळ्यांना दिसणारे रूप आहे. येथे शेवटी नदी आहे, नदीपलीकडे नगरी आहे, आणि राजाचे दर्शन कथेच्या चौकटीबाहेर राहते. वर्तुळाचा शब्द सरळ रेषेला लावला गेला. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजी यांनी सोळा वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिताना ‘यात्रा’ टाळून ‘पर्यटन’ हा शब्द घेतला. त्यामागे हाच विचार होता असे सिद्ध करता येणार नाही. परंतु त्यांच्या कादंबरीतील प्रवासाला तीर्थाचे टोक नाही, विधवांच्या दुःखाचे मुक्काम आहेत, हे शीर्षकाशी सुसंगत आहे. मराठीतील ख्रिस्ती कथालेखन यानंतर अद्भुताकडे न जाता वास्तवाकडे वळले.

आता अस्लानकडे वळता येईल. दक्षिण भारतातील वाचक हे पुस्तक उघडतो तेव्हा सिंहरूप देव त्याला नवा नसतो. नीरा-भीमा संगमावरचे नीरा नरसिंहपूर, कृष्णाकाठचे कोळे नरसिंहपूर, मेलकोट्याचा योगनरसिंह, हंपीची १५२८ मधील अखंड शिळेतील मूर्ती अशी त्याची ठाणी मराठी-कन्नड मुलखात सर्वत्र आहेत. अनेक मराठी घराण्यांचा तो कुलस्वामी आहे. तेव्हा अस्लान वाचताना नरसिंह आठवणे हे अज्ञान नव्हे, तो वाचनाचा स्वाभाविक भाग आहे. प्रश्न एवढाच, की ही आठवण कोठपर्यंत साथ देते.

ती अपेक्षेपेक्षा बरीच दूरवर जाते. दोन्ही कथांच्या मुळाशी एक कायदा आहे आणि तो देवालाही मोडता येत नाही. हिरण्यकशिपूला मिळालेला वर अक्षरशः पाळला जातो : माणूस नाही, पशू नाही, दिवस नाही, रात्र नाही, आत नाही, बाहेर नाही. उंबरठ्यावर, संध्याकाळी, नखांनी. नार्नियात विश्वासघातक्याच्या रक्तावर चेटकिणीचा हक्क आहे. तो आदिम जादूने पाषाणमंचावर कोरलेला आहे आणि अस्लान तो नाकारत नाही. दोन्हीकडे दुष्ट पक्ष कायद्याच्या शब्दावर विसंबून निर्धास्त आहे आणि दोन्हीकडे शब्द न मोडता त्याला हरवले जाते. अवतार किंवा सिंह या बाह्य सादृश्यापेक्षा हे रचनेतील साम्य अधिक महत्त्वाचे आहे, आणि केवळ बायबलकडे पाहणाऱ्या समीक्षकाच्या ते सहसा नजरेस येत नाही. नियमाचा काटेकोरपणा हा येथे देवत्वाला बांध घालत नाही, ते प्रकट होण्याची जागा तयार करतो.

भेद पडतो तो वाचवल्या जाणाऱ्यापाशी. प्रल्हाद निर्दोष आहे. त्याच्या बाजूने देवाला करावे लागते ते एवढेच, की शत्रूचा वध. एडमंड दोषी आहे. त्याने मिठाईच्या मोहाने भावंडांना विकले आहे आणि कायदा त्याच्या विरुद्ध उभा आहे. येथे शत्रूला मारून प्रश्न सुटत नाही, कारण शत्रूचे म्हणणे कायद्याने खरे आहे. म्हणून नरसिंह कायद्याच्या दोन शब्दांमधील फटीतून बाहेर येतो, तर अस्लान कायद्याखाली जाऊन त्याचे ओझे स्वतः उचलतो. निर्दोषाने स्वेच्छेने दोषीच्या जागी मरण पत्करले तर मंच भंगेल, ही त्याहून जुनी जादू चेटकिणीला माहीत नसते. एकाची आयाळ रक्ताने माखते, दुसऱ्याची कापली जाते. भक्तरक्षण आणि प्रायश्चित्त यांतील अंतर सिद्धान्तग्रंथांतून जितके स्पष्ट होत नाही तितके या दोन सिंहांना शेजारी ठेवल्याने होते.

त्याचबरोबर लुइसचा सिंह पूर्णपणे शुभवर्तमानातील ख्रिस्तही नाही. तो एका मुलासाठी मरतो, साऱ्या जगासाठी नव्हे. तिसऱ्या दिवशी नव्हे, त्याच पहाटे उठतो. त्याच्या दोऱ्या उंदीर कुरतडतात. आणि त्याच दिवशी रणांगणावर तो चेटकिणीवर झेप घेऊन तिला ठार करतो. या शेवटच्या क्षणी नरसिंह परत येतो असे म्हणावयास हरकत नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात सिंहाची घोषणा होते आणि दिसतो तो कोकरू. लुइसने ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’च्या (१९५२) अखेरीस कोकराचा सिंह होताना दाखवला. उग्र आणि सौम्य ही एकाच रूपाची दोन अंगे असल्याची समज हंपीच्या मूर्तीपाशीही आढळते. लोक तिला उग्रनरसिंह म्हणतात. मुळात ती लक्ष्मीनरसिंहाची होती, लक्ष्मी भंगली आणि पाठीवरचा तिचा हात तेवढा मागे राहिला.

लुइसचे देवरूप दक्षिण आशियाई वाचकाला जेथे खटकते ती जागा अस्लानची नाही, ताशची आहे. कालोरमेन लोकांच्या या देवाला गिधाडाचे मस्तक आणि चार हात आहेत. अनेकभुजा ही येथे ऐश्वर्याची खूण न राहता राक्षसीपणाची होते, आणि वाळवंट, पगड्या, बाक असलेल्या तलवारी यांच्या सोबतीने ती एका भूगोलाला चिकटते. चिन्हांना नकाशा असतो, याचे भान लुइसच्या भक्त-समीक्षकांनी पुरेसे ठेवलेले नाही. तरीही ‘द लास्ट बॅटल’मध्ये (१९५६) त्याच कालोरमेनमधील एमेथ हा तरुण आयुष्यभर ताशची सेवा करून अस्लानपुढे येतो आणि स्वीकारला जातो, त्याच्या नावाचा हिब्रू अर्थ सत्य असा आहे. येथे गीतेच्या नवव्या अध्यायातील अन्य देवतांच्या भक्तांविषयीचा विचार आठवणे साहजिक आहे. परंतु साम्य अर्धवटच आहे. गीतेत श्रद्धा अविधिपूर्वक असली तरी ती एकालाच पोहोचते. लुइसकडे निवाडा कृतीने होतो : ताशच्या नावाने केलेले सत्कृत्य अस्लानकडे येते, आणि अस्लानच्या नावाने केलेले दुष्कृत्य ताशकडे जाते, ते दोघे एकच आहेत म्हणून नव्हे, ते परस्परविरुद्ध आहेत म्हणून. दोघांची नावे जोडून एकच देव बनवणाऱ्या धूर्तांची त्याच कादंबरीत दारुण गत होते. वैकुंठ हा शब्द उचलून त्याच्या मूळ धन्याला बाहेर ठेवणारा स्टीफन्स आणि एमेथला आत घेऊन ताशला हाकलणारा लुइस यांच्यात साडेतीन शतकांचे अंतर असले तरी कोंडी एकच आहे : भक्त घ्यावा आणि देव टाकावा हे कल्पनेच्या पातळीवर कितपत जमते?

टोल्किनने ही कोंडी देवरूपच न आणून टाळली. त्याच्या कादंबरीत देऊळ नाही, पुरोहित नाही, प्रार्थना जवळजवळ नाही. मरून परतणारा गॅन्डाल्फ, ओझे वाहणारा फ्रोडो, वनवासातून येणारा राजा अ‍ॅरागॉर्न अशा तीन ठिकाणी ख्रिस्ताचे गुण वाटलेले आहेत, असे समीक्षक म्हणतात. अंगठीचा नाश २५ मार्चला होतो, ही तारीख देवदूताच्या संदेशाचा सण म्हणून ख्रिस्ती वाचकाला ठाऊक असते. पण ही बेरीज करून काहीच हाती येत नाही. कारण अखेरच्या क्षणी फ्रोडो हरतो, अंगठी स्वतःची म्हणतो, आणि काम होते ते गोलमला पूर्वी कधीतरी दिलेल्या जीवदानामुळे. तारणारा कोणी नाही. दया मात्र वाया गेलेली नाही.

मग धार्मिकता कोठे आहे? ती मुख्यतः व्याकरणात आहे. बिल्बोच्या हाती अंगठी पडणे हे कोणाच्या तरी योजनेत होते, असे गॅन्डाल्फ सुचवतो. परंतु योजणाऱ्याचे नाव घेत नाही. कर्मणी प्रयोगात कर्ता गाळला आहे आणि तो गाळलेला कर्ता हाच या कादंबरीतील देव आहे. ‘द सिल्मरिलियन’ (१९७७) प्रसिद्ध होईपर्यंत त्याला नावही नव्हते. मराठी अनुवादकापुढे येथे कसोटी उभी राहते. ‘विधिलिखित’ म्हटले की सटवाईचा टाक आणि कपाळ येते. ‘नशिबात होते’ म्हटले की सुचवलेला हेतूच नाहीसा होतो. ‘देवाची इच्छा’ म्हटले की टोल्किनने हजार पाने जे झाकले ते एका शब्दात उघडे पडते. मराठीत यासाठी एक साधी रचना आहे : ‘ती त्याला मिळायची होती’. या वाक्यात कर्ता नाही, दैव नाही, योगायोगही नाही. कोणाचा तरी बेत असावा एवढी चाहूल आहे. धर्मशास्त्रीय शब्दसंग्रह जेथे अपुरा पडतो तेथे क्रियापदाचे हे घरगुती रूप पुरते. याउलट मुग्धा कर्णिक यांच्या मराठी अनुवादाच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या शीर्षकात वेगळाच प्रतिध्वनी उमटतो. ‘ख्रिस्तपुराणा’पासून मराठी ख्रिस्ती भक्तीत ‘स्वामी’ हा ख्रिस्ताला उद्देशून येणारा शब्द आहे आणि मराठी हिंदू घरांत तो कुलदैवताचा आहे. शीर्षकातला स्वामी मात्र सौरॉन, बुरुजावरून पाहणारा डोळा. सर्वस्व मागणारा हा स्वामी आणि काहीच न मागता नाव लपवून राहणारा तो दुसरा, यांच्यातील निवड टोल्किनने आपल्या पात्रांपुढे ठेवली. मराठीत ती एकाच शब्दाच्या पोटात आली आहे.